लिव्हर कुठं होता?

पहिला रोल धुऊन टाकीतून बाहेर काढला, तर बारापैकी बारा फ्रेम कोऱ्या. पाण्यासारख्या स्वच्छ. फिल्मच्या कडेचे आकडे मात्र ठळक उमटलेले, म्हणजे डेव्हलपरचा दोष नाही, फिक्सरचाही नाही. आठव्या फ्रेमवर खिडकीची एक पुसट रेघ होती, बस्स. बाकी ज्यांचे फोटो काढले त्यांतलं कुणीही त्या फिल्मवर आलंच नव्हतं.

आणि फ्लॅश तर प्रत्येक वेळी पडला होता! माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. समोरची माणसं डोळे चोळत होती. त्या एका लखलखाटासाठी मी तीन आठवडे टेबलावर वाकून बसले होते.

हे सगळं सुरू झालं मामांच्या कॅमेऱ्याच्या पेटीपासून. आत दोन डोळ्यांचा, म्हणजे एकावर एक दोन लेन्स असलेला, याशिका-मॅट कॅमेरा होता, आणि त्याखाली दोन फ्लॅश. एक बल्बचा, पंख्यासारखा उघडणारा परावर्तक असलेला. उघडला की चकचकीत थाळी, मिटला की खिशात मावेल एवढा. दुसरा इलेक्ट्रॉनिक, चार सेलवर चालणारा, साबणाच्या वडीच्या घाटाचा. शिवाय एका डबीत कापसात गुंडाळलेले बारा बल्ब. मामा म्हणाले, "ने सगळं. चाललं तर वापर, नाही चाललं तर निदान उघडून तरी बघ."

मी आधी इलेक्ट्रॉनिकच घेतला, कारण बल्ब मोजके आणि एकदाच जळणारे. हा निर्णय बरोबर होता की नाही, ते पुढे येईलच.

सेलचं झाकण उघडलं तर आत पांढरी बुरशी फुलल्यासारखं दिसत होतं. कुणीतरी अल्कलाइन सेल आतच ठेवून दिले होते. ते गळले की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि पत्र्याच्या पट्ट्या खात बसतं. हे अल्कली आहे, म्हणून नुसतं पाणी लावून घासण्यात अर्थ नाही. कापसाच्या बोळ्याला किंचित व्हिनेगर लावून टेकवलं की ते फसफसतं आणि सुटतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. एक स्प्रिंग हाताला लागताच तुटली, तिच्या जागी दुसऱ्या खोक्यातली बसवली. तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक इन्सुलेशनच्या आत दोन बोटं चढलेला होता, तेवढी तार कापून नवी जोडली. कळंक वरून पुसला की काम झालं असं वाटतं, पण तो आत सरकत राहतो.

नवे सेल घातले, बटण दाबलं. ती ओळखीची बारीक शीळ सुरू झाली आणि मी खुशीत आले. साधारण शीळ चढत जाते, कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) भरत आला की सूर बारीक होत होत ऐकू येईनासा होतो. इथे सूर जागचा हलेना. तो भरल्याची खूण देणारा निऑनचा दिवा लागेना. दीड मिनिटाने सेल हाताला कोमट लागले, तेव्हा बंद केलं.

दोष होता मोठ्या कपॅसिटरमध्ये. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचं इन्सुलेशन. वर्षानुवर्षं त्याला वीज मिळाली नाही की तो थर विरत जातो आणि आत भरलेली वीज गळत राहते. फुटक्या माठात पाणी ओतावं तसं. पण या माठाची गंमत अशी की हळूहळू, थोडं थोडं ओतत राहिलं तर तो स्वतःची भोकं स्वतः बुजवतो. थर पुन्हा तयार होतो. घाई करून एकदम पूर्ण दाब दिला तर मात्र कपॅसिटर तापतो, फुगतो, क्वचित फुटतोही.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हा भाग गमतीचा नाही. माझ्या फ्लॅशच्या कपॅसिटरवर ४०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट असं छापलं होतं. तो ३१० व्होल्टपर्यंत भरला तर आत सुमारे १९ ज्यूल साठतात, आणि हे सगळं एका क्षणात हातातून जाऊ शकतं. सेल काढून ठेवले तरी तो भरलेलाच राहतो, कधी कधी कित्येक दिवस. पहिल्या दिवशी मी दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून तो रिकामा केला. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खाच पडली आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. त्यानंतर १० किलोओहमचा, ५ वॉटचा एक रेझिस्टर दोन लांब इन्सुलेटेड तारांना जोडून ठेवला. तो टोकांना लावून धरायचा, पंचवीस सेकंद मोजायचे, मीटरने शून्य आल्याची खात्री करायची, मगच बोट घालायचं. एक हात पाठीमागे. ज्यांना मीटर नीट हाताळता येत नाही त्यांनी खोकं उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भरायची पद्धत अशी: अर्धवट संपलेले सेल घालायचे, म्हणजे वीज आपोआप सावकाश येते. अर्धा मिनिट चालू, पाच मिनिटं बंद, पुन्हा अर्धा मिनिट. पहिल्या संध्याकाळी मीटर १८० व्होल्टवर अडकला तो अडकलाच. बंद केल्यावर आकडा डोळ्यांसमोर घसरत होता. दुसऱ्या दिवशी २४० पर्यंत गेला, घसरणही मंदावली. तिसऱ्या दिवशी २६० ओलांडताना निऑनचा केशरी ठिपका थरथरला आणि लागला. ३१० ला आकडा स्थिरावला. चाचणीचं बटण दाबलं आणि "टप्प" असा तो बोथट आवाज आला. खोली पांढरी झाली. जिथे दहा मिनिटं बघत बसले होते ती भिंत पुढची दोन मिनिटं मला जांभळी दिसत होती.

आता राहिली वायर. कॅमेऱ्याला जोडायच्या त्या छोट्या गोल पिनेला पीसी म्हणतात, प्रॉन्टर आणि कॉम्पूर या दोन शटरांच्या आद्याक्षरांवरून. संगणकाशी तिचा संबंध नाही. जगातली सगळ्यात बेभरवशाची जोडणी म्हणून मी तिचं नाव पुढे करीन. वायर नेहमी पिनेच्या अगदी मुळाशी आतून तुटते, वरून शाबूत दिसते. मीटर लावून वायर वाकवत गेले तेव्हा एका कोनात आवाज यायचा, दुसऱ्यात जायचा. तेवढा तुकडा कापला आणि पुन्हा डाग दिला. पिनेची बाहेरची कडी ढिली होती, ती चिमट्याने केसभर आवळली. कॅमेऱ्यावरच्या सॉकेटमध्ये अल्कोहोल लावलेली टूथपिक फिरवली तर काळी होऊन आली.

जोडायच्या आधी एक गोष्ट मोजली, ती प्रत्येकाने मोजावी: या पिनेच्या दोन टोकांमधला दाब. माझ्याकडे २१० व्होल्ट आला. जुन्या कॅमेऱ्यात तिथे धातूच्या दोन पट्ट्या असतात, त्या हे पचवतात. पण हाच फ्लॅश हौसेने डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जायला एक फोटो पुरेसा आहे. आजच्या मानकात हा दाब २४ व्होल्टच्या आसपास धरलेला आहे.

इतकं सगळं झालं, रोल भरला, फोटो काढले, आणि बारा फ्रेम कोऱ्या.

रात्री मामांना फोन केला. मी सगळी कहाणी सांगत होते, कपॅसिटर, वायर, व्होल्ट. त्यांनी मध्येच विचारलं, "अगं, ते राहू दे. लेन्सशेजारचा लिव्हर कुठं होता?"

"कुठला लिव्हर?"

"झालं तर मग," मामा म्हणाले.

याशिका-मॅटच्या कोपल शटरवर एक छोटा लिव्हर आहे, त्याच्या तीन जागा: एम, एक्स आणि व्ही. माझा एमवर होता. मी त्याला हातही लावला नव्हता, आणि तोच घोळ होता.

बल्बच्या आत जिर्कोनियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची केसांसारखी लोकर प्राणवायूत भरलेली असते. वीज आली की आधी बारीक तार तापते, तिच्यावरचं मिश्रण पेटतं, मग लोकर पेटते आणि उजेड चढत चढत शिखराला जातो. एम वर्गाच्या बल्बला यासाठी साधारण २० मिलिसेकंद लागतात. म्हणून एमवर शटर आधी बल्बला इशारा देतं, क्षणभर दम धरतं आणि मग उघडतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला दम धरणं माहीतच नाही. इशारा मिळताच तो पेटतो आणि साधारण एक हजारांश सेकंदात विझतो. तर माझ्या प्रत्येक फोटोत पाहुणा दारावर येऊन, टाळी वाजवून निघून गेला आणि मग दार उघडलं. डोळ्याला यातलं काही कळत नाही; वीस मिलिसेकंदांचा फरक माणसाला एकच क्षण वाटतो. मला 'क्लिक' आणि 'टप्प' एकत्रच ऐकू आले होते.

खात्री करायला फिल्म लागत नाही. कॅमेऱ्याचं पाठीमागचं दार उघडलं, फ्लॅश समोरच्या भिंतीवर रोखला, लेन्सच्या मागून आत बघत शटर मारलं. एमवर काळोख. लिव्हर एक्सवर सरकवला, पुन्हा मारलं, आणि पांढरा शुभ्र गोल डोळ्यात घुसला. पाती पूर्ण उघडल्यावरच इशारा जात होता. प्रत्येक वेगाला करून पाहिलं. याच्या लेन्समधलं शटर पात्यांचं असल्याने पाचशेंश सेकंदालाही गोल अख्खा दिसतो. पडद्याच्या शटरचे बरेच जुने कॅमेरे साठांश सेकंदाच्या पुढे गेले की चित्राची एक बाजू कापतात, कारण त्या वेगाला संपूर्ण खिडकी एका वेळी कधी उघडीच नसते.

व्हीबद्दल मामांनी आपणहून बजावलं: "तिकडे नेऊच नकोस. तो सेल्फ टायमर आहे. जुनी स्प्रिंग, एकदा अडकली की शटरच घेऊन बसते." मी नेला नाही. उत्सुकता अजून आहे.

दुसरा रोल मी फक्त मोजमापासाठी खर्च केला. फ्लॅशच्या पाठीवर १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मसाठी गाइड नंबर २० मीटर छापलेला आहे. गाइड नंबर भागिले अंतर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं तो आकडा, अर्थात अ‍ॅपर्चर. अडीच मीटरवर माणूस असेल तर एफ ८. जुन्या फ्लॅशच्या पाठीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे मला नंतर कळलं असतं तर आणखी एक रोल गेला असता. सुदैवाने आधी वाचलं होतं. अडीच मीटरवर खुर्ची ठेवली, खुर्चीवर पाटी, पाटीवर खडूने अ‍ॅपर्चर लिहायचं आणि एफ ४ पासून एफ ११ पर्यंत अर्ध्या अर्ध्या पायरीने जायचं. निगेटिव्हमध्ये एफ ५.६ ची फ्रेम सगळ्यात नीट निघाली. म्हणजे खरा गाइड नंबर १४. एक पूर्ण स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड गायब.

त्यातल्या अर्ध्या स्टॉपचा हिशेब लागला. मी निऑन लागला की लगेच शटर मारत होते. पण निऑन २६० व्होल्टलाच लागतो, कपॅसिटर भरतो ३१० ला. उजेड दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे २६० ला जेमतेम सत्तर टक्के उजेड मिळतो, म्हणजे अर्धा स्टॉप कमी. दिवा लागल्यावर मनात पंधरा मोजून मारलं की तो परत येतो. उरलेला अर्धा गेला तो पुढच्या पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकमुळे, वयामुळे, की मुळात छापतानाच कुणी उदार झालं होतं, कोण जाणे. मी खडूने फ्लॅशच्या पाठीवर १७ लिहून मोकळी झाले.

मग आला बल्बचा फ्लॅश, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यातच होता. त्याचं यंत्र इतकं साधं आहे की उघडल्यावर हसू येतं: एक बॅटरी, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर. बॅटरी साडेबावीस व्होल्टची, आता सहजी न मिळणारी. पण १२ व्होल्टचे जे बोटाच्या पेराएवढे सेल रिमोटमध्ये असतात ते दोन एकापाठोपाठ जोडले की २४ होतात, आणि ते त्या खोबणीत लाकडाचा छोटा ठोकळा घालून बसतात. कपॅसिटर सुकलेला होता. त्याच्याजागी १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा नवा घातला, अधिक-उणे दोनदा तपासून. माझ्या या फ्लॅशमध्ये कपॅसिटर बल्बमधूनच भरतो. बल्ब बसवलेला नसेल तर बॅटरी खर्चच होत नाही. कुणा शहाण्या माणसाने हे योजलंय! म्हणून चाचणीसाठी बल्बच्या जागी टॉर्चचा छोटा दिवा बसवला, मीटर २४ वर चढलेला पाहिला, कॅमेऱ्याचं शटर मारलं. काटा शून्यावर आला, दिवा जेमतेम लुकलुकला. एवढंच हवं होतं.

परावर्तकाच्या पात्यांना मी धातूचं पॉलिश लावणार होते. मामांनी ओरडून थांबवलं. त्यावरचा चकचकीत थर एकदा घासला गेला की परत येत नाही. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ फडकं.

बारा बल्ब उजेडासमोर धरून पाहिले. आत एक निळा ठिपका असतो. तो गुलाबी झाला असेल तर काचेला कुठेतरी बारीक तडा आहे, हवा आत गेली आहे. असा बल्ब पेटवला तर फुटू शकतो. तीन गुलाबी निघाले. नऊ उरले. बुडाच्या शिशाच्या ठिपक्यावर राखाडी थर होता, तो खोडरबराने काढला. सगळे बल्ब पारदर्शक काचेचे होते, म्हणजे कृष्णधवल फिल्मसाठी उत्तम. दिवसाच्या उजेडाच्या रंगीत फिल्मवर त्यांचा उजेड पिवळट येतो, त्यासाठी निळ्या लेपाचे बल्ब असत.

नऊ बल्ब, नऊ फोटो. एकही फुकट घालवायचा नाही म्हटल्यावर माणूस किती हळू होतो! मी अंतर टेपने मोजलं. फोकस तीनदा पाहिला. बल्ब बसवताना तोंड बाजूला वळवलं. लिव्हर? एम. मोठ्याने म्हटलं, "एम." समोर मामा बसले होते, त्यांना हसू आवरेना, आणि त्याच हसण्यावर मी शटर मारलं.

बल्बचा उजेड इलेक्ट्रॉनिकसारखा टोचत नाही. 'टप्प' नाही, 'फफ्' असा काहीसा आवाज होतो आणि उजेड फुलतो, अक्षरशः फुलतो, मग मावळतो. जळकट वास येतो. काचेला आतबाहेर जाळी पडलेली असते, वरचा लाखेचा लेप फोडासारखा उठतो. तो लेप नसता तर काच उडाली असती. मी कौतुकाने लगेच हात घातला आणि दोन बोटांच्या टोकांना फोड आले. मामा शांतपणे म्हणाले, "आम्ही रुमाल ठेवायचो."

त्या संध्याकाळी त्यांनी रात्रीच्या रेल्वेचे फोटो काढणाऱ्या ओ. विन्स्टन लिंकची आठवण काढली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं त्याने रात्री टिपली, तारांनी जोडलेले कितीतरी बल्ब एकाच वेळी पेटवून. धावती गाडी, मैदानभर पसरलेल्या तारा, आणि संधी एकच. माझ्यासमोर एक खुर्ची होती आणि ती हलत नव्हती, तरी माझे हात घामेजले होते.

नऊपैकी सात आले. एक बल्ब पेटलाच नाही, एका फ्रेमला मी अंतर बदलल्यावर अ‍ॅपर्चर बदलायला विसरले. मामांचा हसरा फोटो सगळ्यात चांगला आहे: कपाळावर मऊ उजेड, भिंतीवर सावलीला कडा नाही, आणि डोळ्यांत पंख्याच्या परावर्तकाचा छोटा गोल, नीट पाहिलं तर पात्यांच्या रेषांसकट.

मी रोल वाळत घालून परत आले तेव्हा मामा कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. मी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी लिव्हर एक्सवर करून ठेवला होता. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि अंगठ्याने तो हळूच परत एमवर सरकवला.

"मामा, मी उद्या तो दुसरा फ्लॅश वापरणारेय."

"मग उद्या बघून घे," ते म्हणाले.